नौपाड्यात कोस्टर लागला नाही, मग घोडबंदरला का लागतो?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्याच्या नौपाड्यातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि सासऱ्यांचं सागवानी जेवणाचं टेबल तुम्ही घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये आणलंत. नौपाड्यात त्याला कधी कोस्टर, म्हणजे ग्लास-कपाखाली ठेवायची चकती, लागला नाही आणि कधी डागही पडला नाही. इथे आल्यावर दोन पावसाळ्यांत वर पांढरी वर्तुळं उमटली, शिवाय कडेला एक काळं. तुम्ही कोस्टर आणलेत, तर सासरे म्हणतात, ही हॉटेलातली थेरं घरात कशाला? तेव्हा कोस्टर खरंच लागतात का, लागत असतील तर कुठले घ्यावेत आणि पडलेले डाग जातील का, एवढं तुम्हाला हवंय.

मी ठाण्यात जुन्या फर्निचरच्या पॉलिशचं आणि दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे हा वाद माझ्या ओळखीचा आहे. सासऱ्यांनी पाहिलंय ते बरोबरच पाहिलंय. त्या घरात त्या टेबलाला कोस्टरची गरज नव्हती. या घरात आहे.

आधी हे लक्षात घ्या की कोस्टर लाकडाला वाचवत नाही, पॉलिशला वाचवतो. सागाला पाण्याचं फारसं भय नसतं. त्याच्या अंगातच तेल असतं, उगाच नाही पूर्वी जहाजं सागाची बांधत. पण तुम्ही हात फिरवता ती जिलई सागाची नसते. टेबलाचं वय बघता त्यावर स्पिरिट पॉलिश असणार. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाची पुरचुंडी मलमलीत बांधून त्यात बुडवायची आणि हातावर हात चढवत जायचं, असं ते काम. कुसुम, पळस, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे असतात, त्यांच्या स्रावापासून ही लाख होते. आपल्याकडे ती मुख्यतः झारखंड-छत्तीसगडकडून येते. सागाच्या रेषा स्पिरिट पॉलिशमधून जशा उठून दिसतात तशा दुसऱ्या कशातूनच दिसत नाहीत, हे माझं ठाम मत आहे. पण हे पॉलिश नाजूक. सगळे हात मिळून होणारा थर साध्या कागदाइतकाही जाड नसतो.

या थराचे वैरी तीन. पहिलं पाणी. ते थरावर बराच वेळ साचून राहिलं की ओल आत शिरते आणि पॉलिश पांढरं पडतं. दुसरी उष्णता. चपडा लाख साधारण 75 ते 80 अंशांना वितळते आणि मऊ त्याच्या बरीच आधी पडते. मऊ पडलेल्या थरात ओल आणखी सहज शिरते, म्हणून उकळत्या चहाच्या पेल्याचं वर्तुळ गार पाण्याच्या ग्लासापेक्षा लवकर उमटतं. तिसरं अल्कोहोल. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. जे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवून चढवलं, ते स्पिरिटनं पुन्हा विरघळणारच. व्हिस्कीचा ग्लास हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण, पण करोनाच्या काळात माझ्याकडे जी टेबलं आली त्यावर व्हिस्की नव्हती, सॅनिटायझर होता. बाटलीच्या तोंडावरून ओघळलेले थेंब बुडाखाली साचायचे आणि तिथली लाख चिकट होऊन बाटलीलाच लागून यायची. अत्तराच्या आणि होमिओपॅथीच्या बाटल्यांनाही हेच लागू. त्या बाटल्यांखाली ताटली ठेवायची कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण कोस्टर फक्त ग्लासासाठी असतो असं आपण धरून चाललेलो असतो.

आता नौपाड्यातल्या घराकडे येऊ.

ग्लासाला बाहेरून घाम फुटतो, ते पाणी ग्लासातून झिरपलेलं नसतं, हवेतलं असतं. हवेत जेवढी वाफ असेल त्यानुसार एक तापमान ठरतं. त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतली वाफ थेंब होऊन बसते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. जुलैत आपल्याकडे हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू साधारण 26 अंश येतो. म्हणजे 26 अंशांच्या खालची कुठलीही वस्तू टेबलावर ठेवा, ती ओली होणार. फ्रीजमधलं पाणी पाच-आठ अंशांचं असतं, त्याचा ग्लास बघता बघता भिजतो आणि बुडाशी तळं होतं. तेच जानेवारीच्या दुपारी हवा 30 अंश पण आर्द्रता 40 टक्के असेल तर दवबिंदू 15 अंशांच्या आसपास उतरतो. घाम तेव्हाही येतो, पण कमी आणि उशिरा. एसी चालू असलेल्या खोलीत, 24 अंश आणि 50 टक्के धरले तर तो 13 अंशांवर येतो. म्हणून एसीत बसून पाणी पिणाऱ्याला कोस्टरचं महत्त्व पटत नाही आणि गॅलरीचं दार सताड उघडं ठेवून पाऊस बघत बसणाऱ्याला ताबडतोब पटतं. घोडबंदरच्या बाजूला, खाडी जवळ आणि समोर डोंगर, जून ते सप्टेंबर हवेत किती ओल असते हे तुम्ही कपाटातल्या चपला बघून ओळखलंच असेल.

नौपाड्यातही पाऊस हाच होता. पण तिथे पाणी कुठलं प्यायचे, हे सासऱ्यांना विचारा. माठातलं असणार. आणि माठातल्या पाण्याच्या पेल्याला घाम येऊच शकत नाही. माठ गार होतो तो त्याच्या अंगावरून पाणी उडून जातं म्हणून, आणि अशा रीतीनं पाणी कितीही गार झालं तरी हवेच्या दवबिंदूच्या खाली जात नाही. जुलैत हवा आधीच ओलीचिंब असते, म्हणून माठातलं पाणी जेमतेम 27 अंशांपर्यंत उतरतं. पावसाळ्यात माठाचं पाणी गार लागत नाही अशी तक्रार आपण करतो, ती यामुळेच. पण तेच पाणी पेल्यात घेऊन टेबलावर ठेवलं तर पेला बाहेरून कोरडा राहतो. खुद्द माठ ओला असतो, पण तो झिरपतो म्हणून, आणि तो स्वयंपाकघरात तिवईवर असतो, पॉलिशच्या टेबलावर कुणी ठेवत नाही. फ्रीजचं पाणी रोजच्या पिण्यात आलं आणि टेबलावर तळी साचायला लागली. फ्रीज काही कालचा नाही, हे खरं. पण बऱ्याच जुन्या घरांत तो दुधासाठी आणि उरलेल्या भाजीसाठी असायचा. वडीलधारी मंडळी फ्रीजचं पाणी प्यायची नाहीत, घसा धरतो म्हणून.

दुसरी गोष्ट बशी. चहा कपबशीतून यायचा. कपाच्या बुडाला खाली एक कडं असतं. पुष्कळदा त्या कड्याला झिलई नसते, बोट फिरवून पाहिलंत तर खरखरीत लागतं. ते टेबलावर सरकवलं की चरे पाडतं. बशीमुळे ते लाकडाला लागत नव्हतं, सांडलेला चहा बशीत राहायचा आणि उष्णता बशीतच मुरायची. आता कपांच्या जागी मोठे मग आले. मगाला बशी नाही, पण बुडाचं कडं तेच, अंगानं जड आणि चहा दुप्पट. बशी घरातून गेली तेव्हा तिच्या जागी काहीतरी यायला हवं होतं. ते आलं तर सासऱ्यांना थेरं वाटतात, एवढाच काय तो वाद.

आणि तिसरं, पेला टेबलावर टेकायचाच किती वेळ? पाहुणा आला की पाणी ट्रेमधून त्याच्या हातात, त्यानं घटाघटा प्यायचं आणि पेला परत ट्रेमध्ये ठेवायचा. आता त्याच टेबलावर लॅपटॉप असतो, शेजारी पाण्याची स्टीलची बाटली, कॉफी, आणि हे सगळं सकाळी नवापासून संध्याकाळपर्यंत. जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालंय. पॉलिशवर पाणी पाच मिनिटं राहिलं तर काही होत नाही, फडक्यानं पुसलं की संपलं. पाच तास राहिलं तर वर्तुळ पडतं. स्टीलच्या साध्या, एकपदरी भांड्यांचं आणखी एक. पत्रा पातळ असल्यानं आतला चहा जेवढा गरम तेवढंच बूडही गरम, आणि आतलं पाणी जेवढं गार तेवढंच गार. दुहेरी भिंतीच्या बाटलीला हा त्रास नाही. तिला बाहेरून घाम येत नाही, तिला कोस्टर नसला तरी चालेल.

पाणी टिपणारा कोस्टर बिअरच्या देशातला. जर्मनीत ड्रेस्डेनच्या रॉबर्ट श्पूट यांनी 1892 मध्ये लाकडाच्या लगद्यापासून जाड, पाणी शोषणाऱ्या चकत्या काढल्या. गार ग्लासाचं पाणी आणि सांडलेला फेस टिपायला त्या तिथल्या पबांमधून पसरल्या. म्हणजे पाणी शोषून घेणं हेच तिचं काम होतं. आणि आज दुकानात जे कोस्टर मिळतात त्यातले निम्मे हेच काम करत नाहीत, म्हणून खरेदीबद्दल जरा तपशिलात सांगतो.

गुळगुळीत, चकचकीत, काठ नसलेला कोस्टर घेऊ नका. ग्लासाचं पाणी त्यावर साचतं, ग्लास त्याला चिकटतो, उचलला की कोस्टरही वर येतो आणि तोंडापर्यंत जाईस्तोवर धाडकन खाली पडतो. टेबलाला पाण्यानं पडला नसता एवढा खड्डा त्यानं पडतो. असे कोस्टर घरात असतीलच तर ग्लास ठेवण्याआधी त्यावर चिमूटभर मीठ भुरभुरा, चिकटणं थांबतं. छापील चित्रांचे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचे, कोस्टर पावसाळ्यात कडेनं फुगतात आणि मग डुगडुगतात. हौशी लोक रेझिनचे कोस्टर करतात, फुलं वगैरे घालून. दिसतात छान, पण साधं रेझिन गरम मगाखाली मऊ पडतं आणि त्यावर मगाचा ठसा उठतो. गार सरबतापुरते ठेवा. स्टीलचा किंवा पितळेचा कोस्टर उष्णता जशीच्या तशी खाली पोचवतो. क्रोशाचा रुमाल किंवा तागाची चकती पाणी शोषते खरी, पण तेच पाणी खाली लाकडाला लावून ठेवते. ओलं फडकं पॉलिशवर तासभर पडून राहणं हे उघड्या ग्लासापेक्षा वाईट. त्यांच्या खाली बशी तरी ठेवा.

रबराबद्दल आणि मऊ प्लास्टिकबद्दल मुद्दाम सांगतो, कारण हे नुकसान हळूहळू होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मऊ प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते महिनोन्महिने पॉलिशला चिकटून राहिलं की पॉलिशमध्ये उतरतं आणि तिथली जिलई चिकट, मंद होते. टेबलाला जपायचं म्हणून वर जे जाड पारदर्शक प्लास्टिक अंथरतात, त्याखाली मी सगळ्यात खराब झालेली टेबलं पाहिली आहेत. वरून पाणी सांडतं, कडेनं आत जातं आणि तिथे अडकून बसतं, पुसायला कुणी जाऊ शकत नाही. टेबलावर काच टाकून तिच्याखाली फोटो ठेवायची पद्धत होती, तिचंही तेच. काच ठेवायचीच असेल तर खाली छोट्या पारदर्शक टिकल्या लावून हवा खेळती ठेवा.

मग घ्यायचं काय? साधा कॉर्कचा, वर थोडा काठ असलेला, दहा-अकरा सेंटिमीटरचा. कॉर्क उष्णता अडवतो, थोडं पाणी धरतो, खाली चरा पाडत नाही आणि स्वस्त मिळतो. पाणी शोषणारे बिनझिलईचे मातीचे कोस्टरही चांगले, फक्त खाली फेल्ट किंवा कॉर्क चिकटवलेला हवा आणि ते आठवड्यातून एकदा उन्हात वाळवायला हवेत, नाहीतर शोषणार कुठे? कुठलाही कोस्टर वर्षभर एकाच जागी ठेवू नका. सूर्यप्रकाशानं सागाचा रंग बदलत राहतो आणि झाकलेली चकती वेगळ्या रंगाची राहते. तोही एक डागच, आणि तो घासून जात नाही. आणि गरम कढई, कुकर, आमटीचं पातेलं यांच्यासाठी कोस्टर नाही. त्याला अडणी किंवा जाड लाकडी पाट हवा.

तुमच्या घरात हे टेबल सोडून बाकीचं फर्निचर नवं असेल, तर सगळीकडे हाच नियम लावू नका. सनमायका लावलेल्या टेबलाला वरून पाण्याचं किंवा चहाचं भय जवळजवळ नाही. त्याचा जीव कडांमध्ये असतो. कडेच्या पट्टीच्या फटीतून पाणी आत गेलं आणि आत भुसा दाबून केलेला बोर्ड असेल तर तो फुगतो, आणि एकदा फुगला की त्याला इलाज नाही, कापून बदलावं लागतं. तेव्हा ग्लास कडेला ठेवू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ. पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश चांगलं झालेलं असेल तर पाणी, चहा आणि दारू बरंच सोसतं. मेलामाइनचं पॉलिश टिकाऊपणात लाख आणि पीयू यांच्या मधलं. तुमच्याकडे कुठलं आहे ते कळायला टेबलाच्या खालच्या बाजूला, न दिसेल अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटचे दोन थेंब घेऊन अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट झालं तर लाख आहे. नाही झालं तर मेलामाइन, पीयू किंवा दुसरं काही.

संगमरवराच्या सेंटर टेबलाला मात्र लाकडापेक्षाही कोस्टर जास्त लागतो. लोक उलटं समजतात, दगडाला काय होणार म्हणून. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू सरबत, कोकम सरबत, कोला यातल्या आम्लानं तो झिजतो आणि चकाकी गेलेलं फिकट वर्तुळ उरतं. तो डाग नाही, दगडच खाल्लेला असतो. पुसून जात नाही, पुन्हा घोटाई करावी लागते. ग्रॅनाइटला हे सहसा होत नाही. काचेच्या टेबलावर कोस्टर ठेवला नाही तरी फार तर पुसायचं काम वाढतं. भाड्याच्या घरात फर्निचर मालकाचं असेल तर यातलं काहीही असो, कोस्टर ठेवा. डिपॉझिट परत घेताना वर्तुळावरून होणारी वादावादी कोस्टरच्या डझनापेक्षा महाग पडते.

आता तुमच्या डागांकडे. पांढरी वर्तुळं ही चांगली बातमी आहे. ओल पॉलिशमध्ये अडकली आहे, लाकडापर्यंत गेलेली नाही. आधी काहीच करू नका. टेबल दोन-तीन दिवस पंख्याखाली कोरडं राहू द्या, संध्याकाळी एसी लावत असाल तर उत्तम. ताजी वर्तुळं एवढ्यानंच पुसट होतात. उरली तर रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात देऊन सकाळी मऊ सुती कापडानं पुसा. हेअर ड्रायर वापरायचा तर सगळ्यात कमी उष्णतेवर, वीतभर लांबून, सतत हलवत. टूथपेस्ट लावू नका. तिच्यात घासणारी पावडर असते, डाग जातो पण तिथली जिलईही जाते आणि पांढऱ्या वर्तुळाऐवजी मंद ठिपका मिळतो. कापड घालून इस्त्री फिरवायचा जो उपाय सगळीकडे सांगतात, तो स्पिरिट पॉलिशवर मी तरी करू देणार नाही. लाख कितीला वितळते ते वर सांगितलंय, इस्त्री त्याच्या कितीतरी पुढे असते. एवढं करूनही वर्तुळं राहिली तर पॉलिशवाला स्पिरिटनं जेमतेम ओलावलेली पुरचुंडी वरून हलकेच फिरवतो. वरचा थर क्षणभर सैल होतो, अडकलेली ओल निघते, थर पुन्हा बसतो. टेबल खरवडायची गरज पडत नाही. जो बघताक्षणी पूर्ण घासून काढू म्हणतो, त्याला विचारा की आधी पुरचुंडी फिरवून पाहिली का.

काळं वर्तुळ मात्र वेगळं. तिथे पाणी पॉलिश पार करून लाकडात गेलंय आणि बरोबर लोखंड घेऊन गेलंय. लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की काळा रंग तयार होतो, जुन्या काळची शाई याच रसायनानं करत. ग्लासानं हे सहसा होत नाही. कडेला आहे म्हणालात, म्हणजे तिथे बहुतेक कुंडीचं लोखंडी स्टँड असेल किंवा पत्र्याचा डबा. जे असेल ते आधी उचला. हा डाग काढायला त्या जागेचं पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावतात, नंतर ते नीट धुऊन काढतात, पूर्ण वाळवतात आणि मग पॉलिश पुन्हा चढवून आजूबाजूच्या रंगाशी मिळवतात. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. त्याची पूड नाकातोंडात जाता कामा नये, आणि घरात लहान मूल असेल तर ते आणूही नका. हे काम कारागिराला द्या.

आणि पावसाळ्यात देऊ नका. स्पिरिट उडून जाताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो. हवा ओली असेल तर तो दवबिंदूच्या खाली जातो आणि ओल्या पॉलिशवरच दव बसतं. ग्लासाला घाम येतो त्याच कारणानं सगळं टेबल पांढरं पडतं आणि दोष कारागिराच्या हाताला जातो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की करून घ्या, फेब्रुवारीपर्यंत कधीही चालेल. तोवर काळ्या डागावर काहीही चोळू नका, आणि सासऱ्यांना कोस्टर नकोच असेल तर त्यांच्या चहाखाली बशी द्या. ती ते नाकारणार नाहीत.